बैठक कोणी चालवायची: प्रमुखाने, आपल्यातल्याच कोणी, की बाहेरच्या फॅसिलिटेटरने (स्वतःचं मत न घालता चर्चा चालवून देणाऱ्याने)?

आठवड्याचा आढावा, कामांची वाटणी, कुठलं काम कुठवर आलं, एवढंच असेल तर प्रमुखानेच बैठक चालवावी. सगळे धागेदोरे त्याला माहीत असतात, निर्णयही तिथल्या तिथे होतो. अशा बैठकीला बाहेरचा माणूस बोलावणं म्हणजे उगाच थाट.

गाडी अडते ती मतभेदाच्या विषयावर. प्रमुखाने "मला वाटतं असं करावं, तुमचं काय म्हणणं?" असं विचारलं की उरतात फक्त डोलणाऱ्या माना. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१च्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखायची होती. बाकीचे ठरवून चुकीचं सांगत असताना जवळजवळ एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांसमोरचं सोडून त्यांच्या मागे गेली. तिथे तर कोणी साहेबही नव्हता!

याहून अवघड दुखणं वेगळंच आहे. स्टासर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट सगळ्यांना आधीच माहीत असलेलंच चघळत बसतो. एकट्यादुकट्याला ठाऊक असलेली गोष्ट बाहेरच येत नाही. कसलेला फॅसिलिटेटर पैसे वसूल करून देतो तो इथे.

आमच्या गटात जागा बदलण्यावरून दोन बैठका भांडणात गेल्या होत्या. तिसरीला बाहेरच्या एक बाई आल्या. त्यांनी आधी सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसून मुद्दे लिहायला लावले, मग प्रत्येकाने एकेकच वाचायचा. (ही पद्धत डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांची, १९७१ची.) कधीच न बोलणाऱ्या एका सहकाऱ्याने वाचलं, "मुदतीआधी जागा सोडली तर अनामत बुडते." करार त्याने एकट्यानेच वाचलेला. बाईंनी ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, स्वतःची भर न घालता, आणि पुढच्याकडे वळल्या. जागेचा वाद तिथेच मिटला.

मधला पर्याय, आपल्यातलाच कोणी, स्वस्त आहे आणि पुष्कळदा पुरतो. अट एकच: पंचाने बॅट हातात घ्यायची नाही. ज्याचं त्या विषयात काहीच अडकलेलं नाही असा माणूस घ्या, हवं तर दुसऱ्या विभागातून उसना. मात्र जुनी धुसफूस असेल तर त्याला दोन्ही बाजूंचा कोणी ना कोणी मित्र निघतो, आणि बिचाऱ्याची पंचाईत होते. तेव्हा बाहेरचाच बरा.

बाहेरचा निवडताना त्याची तयारी पाहा. चांगला माणूस आधीच चार-पाच जणांना फोन करतो, "बैठक संपताना काय ठरलेलं हवं?" असं तुम्हालाच खोदून विचारतो. रंगीत चिठ्ठ्या आणि खेळ यांपलीकडे त्याच्याकडे काही नसेल तर नको म्हणा. आणि निर्णय वरिष्ठांकडे आधीच झालेला असेल तर कोणालाच बोलावू नका, सरळ जाहीर करा. बैठक नावापुरती आहे हे लोकांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि पुढच्या खेपेला ते तोंड उघडत नाहीत.