सायकल दुकानात न्यावी की बाहेर लावावी?

पुण्याच्या पेठांतल्या दुकानांची रुंदी बघता हा प्रश्नच विनोदी वाटेल. दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली की तिसरं पायरीवर. पण बिनस्टॅण्डची, ४० हजारांची सायकल घेऊन निघालात की पहिल्याच किराणा दुकानापाशी तो पडतो.

आत नेण्याचा फायदा एकच, पण मोठा: सायकल डोळ्यांसमोर राहते. बाहेर कुलूप फ्रेम आणि एक चाक अडवतं. दुसरं क्विक रिलीजचं असेल तर खटका उघडून लगेच निघतं. दिवा, पंप, सीटखालची पिशवी काढायला तर हत्यारही लागत नाही. मग दर वेळी हे सगळं काढून खिशात कोंबायचं, तेही अर्धा किलो पोह्यांसाठी!

आता दुकानदाराची बाजू. ऐन पावसाळ्यात मी एकदा सायकल आत घेतली, साखरेच्या पोत्यांना टेकवली. टायरांचे चिखलाचे दोन पट्टे पायरीपासून गल्ल्यापर्यंत. साखळी बाहेरच्या बाजूला राहिली होती. मागून आलेल्या आजींच्या साडीला तिचं काळं तेल लागलं. "अहो, दुकान आहे की गोठा?" आजी म्हणाल्या, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आत न्यायचीच झाली तर आधी विचारतो, चाकं पुसतो आणि साखळी भिंतीकडे ठेवतो. खाण्याच्या दुकानात मात्र विचारतही नाही.

बाहेर चोरीची भीती असतेच. पातळ केबलचं कुलूप कटरने सहज तुटतं, यू आकाराचं बरंच चिवट. फक्त ते अडकवायला खांब किंवा जाळी हवी. पण मला चोरीपेक्षा जास्त छळलंय स्कूटरवाल्यांनी. आपली गाडी काढायला सायकल उचलून बाजूला टाकतात, ती उजवीकडे पडते आणि मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा, वाकतो.

दुमडणारी सायकल हा मधला मार्ग. ब्रॉम्प्टन कंपनीची सायकल घडी केल्यावर साधारण पासष्ट सेंटिमीटरच्या चौकोनात मावते. पण साधारण १२ किलोचं ते गाठोडं हातात धरून भाजी निवडून बघा.

म्हणून औषधांचं दुकान, किराणा, जिथे गल्ला दारातच आहे तिथे मी सायकल बाहेरच ठेवतो, एक हात हँडलवर. लक्ष्मी रोडवर तासाभराची खरेदी असली तर नवी काढतच नाही. घरातली जुनी काळी काढतो. ती स्टॅण्डवर उभी राहते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.