वळसंगच्या शेतातली लाकडी केबिन: तीन उन्हाळ्यांनंतर

सोलापूरहून अक्कलकोट रोडला वळसंगच्या अलीकडे आमचं शेत आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर तिथं पाइनच्या ओंडक्यांची १२ बाय २० फुटांची केबिन बसवून घेतली. ठेकेदार बाहेरगावचा. कोपऱ्यांच्या खाचा त्यानं फार सुरेख बसवल्यात, आजही त्यात नख शिरत नाही. मला केबिन मनापासून आवडते. म्हणूनच घेणाऱ्यांना काही गोष्टी आधी कळाव्यात असं वाटतं.

पहिली गोष्ट पायाची. ठेकेदार जमिनीवर सिमेंटचे ठोकळे मांडून वर केबिन ठेवणार होता. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. गावातल्या गवंड्यानं साफ सांगितलं, "वहिनी, मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतंय बघा." मुरूम साडेपाच फुटांवर लागला. तिथून कॉलम घेऊन जोतं अडीच फूट उचललं. हा खर्च कोटेशनमध्ये धरलेला नव्हता. तुम्ही कोटेशन हातात घेताना पाया त्यात आहे का, हे आधी बघा.

जोतं उचलल्याचा फायदा वाळवीच्या वेळी कळला. पाया भरतानाच मातीत औषध मारून घेतलं होतं, तरी दुसऱ्या पावसाळ्यात ड्रेनेजच्या पाइपावरून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली. केबिनच्या खाली बॅटरी घेऊन वाकता येतं म्हणून ती सापडली. लगेच खरवडून पुन्हा औषध मारलं.

खरा मनस्ताप दिला तो लाकडाच्या ओलीनं. एप्रिल २०२३ मध्ये दार लागेना. पंधरा दिवसांत खिडकीची काच तडकली आणि ओसरीचं छप्पर पुढून उचलल्यासारखं दिसायला लागलं. लाकूड वाळताना जाडीत आखडतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आडवे ओंडके एकावर एक रचलेली भिंत त्यामुळे खाली बसते, पण ओसरीचे उभे खांब तेवढेच राहतात. म्हणून दार-खिडक्यांच्या चौकटींवर मोकळी जागा सोडून ती वरून पट्टीनं झाकायची असते आणि खांबांना कमी-जास्त करता येणारे स्क्रू जॅक लावायचे असतात. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. शेवटी सोलापूरच्या सुतारानं चौकटींवरचं लाकूड कापून जागा केली, खांब तासले. माल उतरवून घेताना ओल मोजायचं मीटर ओंडक्यांना टोचून बघा. आकडा पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत पाठवा. ओंडक्यांना लांबीच्या दिशेनं पडणाऱ्या चिरांना मात्र घाबरू नका, त्या पडतातच. फक्त वरच्या अंगाला पडलेल्या चिरा भरून घ्या, त्यात पाणी साचतं.

उन्हाचं विचाराल, तर भिंतींबद्दल तक्रार नाही. लाकूड विटेपेक्षा ऊन कमी आत सोडतं. पत्र्याखाली मात्र पहिल्या मे महिन्यात बसवेना. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची, उष्णता अडवणारी गादी) घालून सीलिंग केलं, तेव्हा दुपारी आडवं होता यायला लागलं. संध्याकाळी तर हीच जागा बरी: शहरातल्या घराचा स्लॅब रात्री अकरापर्यंत धगधगतो, केबिन आठला निवते.

पश्चिमेची भिंत उन्हानं करडी पडते, तिला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जवसाचं तेल लावतो. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगानं ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. आम्ही त्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो.