कार्बोरेटरवाली ३५०, दुसरा हिवाळा: गाडी झकास, चोकची वायर भिकार

गाडी बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या नियमांच्या) काळातली, ३५० सीसी, सीव्ही (व्हॅक्यूमवर उचलणाऱ्या स्लाइडचा) कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, आणि गार इंजिनाला जादा पेट्रोल देणाऱ्या चोकची दांडी डाव्या मुठीजवळ. इंजिन, गिअर, सीट यांवर ढीगभर लिहून झालंय, ते सोडून देतो. पहिल्या हिवाळ्यानंतर अ‍ॅव्हरेज ३५ वरून २८ वर आलं. म्हणजे हजार किलोमीटरमागे सात लिटर पेट्रोल जास्त, आजच्या भावाने सातशेच्या वर. सर्व्हिस सेंटरचं उत्तर तयार होतं: अख्खा कार्बोरेटर बदला. दोष निघाला तीनशेच्या आत मिळणाऱ्या चोकच्या वायरीत. म्हणून हा रिव्ह्यू जवळजवळ पूर्ण चोकवरच आहे.

आधी एक फरक, कारण चोक दोन प्रकारचे असतात आणि बरेच फिटरही दोन्ही एकाच मापाने मोजतात. स्प्लेंडरसारख्या गाडीत कार्बोरेटरच्या तोंडाशी पाती असते. चोक दिला की ती हवा अडवते, आतली ओढ वाढते आणि नेहमीच्याच जेटमधून (पेट्रोलच्या बारीक भोकातून) जास्त पेट्रोल येतं. या ३५० मध्ये पाती नाही. इथे पितळी प्लंजर आहे. दांडी ओढली की तो वर उचलला जातो आणि एक वेगळी वाट उघडते. त्या वाटेने फ्लोटच्या वाटीतलं (कार्बोरेटरच्या तळाशी साठलेलं) पेट्रोल स्टार्टर जेटमधून, थोड्या हवेसोबत, थेट थ्रॉटलच्या (मुठीने उघडणाऱ्या झडपेच्या) पलीकडे पडतं. ते ओढून घ्यायला लागणारा व्हॅक्यूम थ्रॉटल बंद असतानाच नीट तयार होतो. त्यामुळे चोक ओढून वर रेस पिळली की चोक दिला न दिल्यासारखाच. आणि या कार्बोरेटरला अ‍ॅक्सिलरेटर पंप (मूठ फिरवताच पेट्रोलची पिचकारी मारणारा) नाही, त्यामुळे किकच्या आधी चार वेळा मूठ फिरवणं हा नुसता मनगटाचा व्यायाम.

थंडीत जास्त पेट्रोल लागतं, कारण जळते ती वाफ. गार इंजिनात पेट्रोलचे थेंब इनटेकच्या भिंतीला चिकटून बसतात, वाफ थोडीच होते. गरम इंजिनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल पुरतं, गार इंजिनाला त्याच्या कितीतरी पट द्यावं लागतं. निफाड-नाशिककडे जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो, तिथे पूर्ण चोक. पुण्यात बहुतेक सकाळी अर्धा. मुंबईत ही दांडी शोभेची.

गाडी आठवडाभर उभी असेल तर वाटीतलं पेट्रोल उडालेलं असतं. पेट्रोलचा कॉक चालू करून अर्धा मिनिट थांबा. चावी बंद ठेवून दोन-तीन किक मारा, म्हणजे घट्ट झालेलं १५डब्ल्यू५० ऑइल सुटतं. मग चावी चालू, चोक पूर्ण, मुठीला हात नाही, एक सणसणीत किक. पहिल्या स्टार्टला सेल्फ नको: थंडीत बॅटरी आधीच ढिली, त्यात सेल्फ करंट खातो आणि स्पार्क अशक्त पडतो. इंजिन लागलं की आरपीएम आपोआप चढतो. वीस-तीस सेकंदांनी चोक अर्धा, मिनिट-दीड मिनिटात बंद, आणि पहिले दोन किलोमीटर हळू. जास्त वेळ चोकवर ठेवली तर पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते बदलाच.

गाडी ओव्हर झाली, म्हणजे पेट्रोलचा वास येतोय आणि प्लग ओला आहे, तर चोक बंद करून मूठ पूर्ण पिळून सहा-आठ किक मारा. तरी नाहीच लागली तर प्लग काढून पुसा.

आता वायर. दांडी पूर्ण बंद असताना वायरीत १ ते २ मिमी ढील हवी. नसेल तर प्लंजर आपल्या बैठकीवर पूर्ण बसत नाही, केसभर वर राहतो आणि तो जास्तीचा पुरवठा दिवसभर चालू राहतो. लक्षणं ठरलेली आहेत: प्लग कोरडा काळा, स्लो रेस घुमी, सिग्नलला पेट्रोलचा वास, शहरात अ‍ॅव्हरेज पडलेलं पण हायवेवर फारसं नाही. हा शेवटचा मुद्दा पक्की खूण आहे, कारण थ्रॉटल उघडं असताना ती वाट फारशी ओढत नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन गरम करून स्लो रेसवर ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. आवाज बदलला तर कुठलीतरी वायर ताणली जातेय. रेसच्या वायरीनेही असं होतं, म्हणून चोकची वायर दांडीपासून सोडवून पुन्हा बघा. दुसरी तपासणी: गरम इंजिनावर चोक ओढा. इंजिन घुमायला किंवा बंद पडायला हवं. काहीच फरक नाही? मग प्लंजर उचलला जात नाही किंवा स्टार्टर जेट तुंबलाय.

वायर बदलताना प्लंजरच्या बुडाचं रबर बघा. त्यावर गोल खाच पडली असेल किंवा ते कडक झालं असेल तर प्लंजरही बदला, नाहीतर नव्या वायरीचा काही फायदा नाही. वरचा नट प्लास्टिकचा असतो, हाताने बसवून पान्याने अगदी हलका दाब द्या. जोर लावला की चिरतो. आत ग्रीस भरू नका, थंडीत घट्ट होऊन प्लंजर सावकाश परततो. मशीन ऑइलचे चार थेंब पुरतात.

सर्व्हिसमध्ये होणारा एक उद्योग मात्र डोक्यात जातो. गाडी रिच (जास्त पेट्रोलवर) चालतेय म्हणून वायर न बघता पायलट स्क्रू (स्लो रेसचं मिश्रण ठरवणारा) आत फिरवून देतात. आठवडाभर बरं वाटतं. पुढे वायर ढिली झाली की तीच गाडी लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि थंडीत उठत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात माझं मत थोडं बदललं. आधी वाटायचं, चोक कार्बोरेटरवरच हवा होता, आरएक्स १०० सारखा. वायरच नाही तर कटकट नाही. पण नवी वायर, योग्य ढील, आणि हातमोजे न काढता अर्धा-पूर्ण चोक करता येतो, ही सोय खरी आहे. शिवाय आता तक्रारीत दुसरा वाटेकरी आलाय: ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटिंगवर मिश्रण थोडं लीन होतं. त्यामुळे गेल्या वर्षी अर्ध्या चोकवर भागत होतं तिथे यंदा पूर्ण लागतोय. त्यासाठी लगेच जेट मोठा करू नका. आधी वाटीच्या तळाचं पाणी ड्रेन स्क्रूने काढा आणि स्टार्टर जेटमध्ये क्लीनर मारा. स्टीलची सुई घालू नका, भोक मोठं झालं की परत लहान होत नाही. आणि गरम इंजिनालाही चोक लागत असेल तर चोकला शिव्या देऊ नका, इनटेकचं रबर आणि पायलट जेट बघा.

गाडीला पाचपैकी चार. वायरीला एक, तोसुद्धा स्वस्त आहे म्हणून.