बे टू ब्रेकर्स : घरच्यांना सोबत न्यावे अशी शर्यत

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सहसा मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी होणारी ‘बे टू ब्रेकर्स’ ही कागदोपत्री १२ किलोमीटरची शर्यत असली, तरी प्रत्यक्षात ती शहराच्या पूर्व टोकाच्या खाडीपासून पश्चिमेच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत निघणारी सोंगांची मिरवणूक आहे. १९०६ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने होरपळलेल्या शहराला उभारी मिळावी, या हेतूने १ जानेवारी १९१२ रोजी ती ‘क्रॉस सिटी रेस’ या नावाने सुरू झाली. १९८६ मध्ये तिच्यात सुमारे १,१०,००० लोक धावले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. आता तेवढी गर्दी होत नाही आणि मुलाबाळांसह जाणाऱ्यांच्या दृष्टीने ते बरेच आहे.

आमच्या घरातून धावणारा मी एकटा होतो. पत्नी, मुलगी आणि उन्हाळ्यासाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहणार होत्या. मी वासुदेवाचे सोंग घेतले होते. मोरपिसांची उंच टोपी वाऱ्यात सांभाळणे त्रासाचे होते, पण हजारो डोक्यांमधून ती लांबूनच ओळखू येत असे, हा फायदा मोठा ठरला. सोंग निवडताना ते किती विनोदी आहे यापेक्षा घरच्यांना ते किती अंतरावरून दिसेल, हा विचार आधी करावा, असे माझे मत झाले आहे.

सकाळी आठला शर्यत सुटण्यापूर्वी जमावात टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या किंवा गव्हाच्या चपात्या, हवेत भिरकावण्याची जुनी प्रथा आहे. सासूबाईंना हा अन्नाचा अपमान वाटला आणि त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. एकमेकांना बांधून घेतलेल्या तेरा जणांच्या ‘सेंटीपीड’ (गोम) संघांची स्पर्धा मात्र खरोखर पाहण्यासारखी असते, कारण त्यात गमतीइतकेच कसबही लागते. युसी डेव्हिस या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या धावपटूंनी १९७८ मध्ये ही प्रथा सुरू केली. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या सामन (सॅमन) माशांचा वेश करून सगळ्यांच्या उलट दिशेने जाणारी मंडळी दिसली, तेव्हा माझी मुलगी उड्या मारू लागली, असे मला नंतर कळले.

प्रेक्षकांनी आरंभरेषेपाशी जाऊ नये, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. तिथे दाटी असते आणि आपला माणूस दिसतच नाही. सर्वांत चांगली जागा म्हणजे हेज स्ट्रीटची चढण संपते तो अलामो स्क्वेअर या बागेचा कोपरा. फिलमोर आणि स्टायनर या रस्त्यांमधला चढ ११ टक्क्यांहून अधिक आहे. तिथे भलेभले चालू लागतात, त्यामुळे घरच्यांना आपण नीट दिसतो आणि त्यांच्या आरोळ्यांची गरजही नेमकी तिथेच असते. सासूबाईंनी वाजवलेल्या टाळांचा आवाज मला अर्ध्या चढावर ऐकू आला आणि उरलेला चढ मी न थांबता संपवला. फार लहान मुले असतील, तर त्यापुढचा पॅनहँडलचा सपाट, हिरवा पट्टा अधिक सोयीचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या शर्यतीत काही लोक संपूर्ण विवस्त्र धावतात. शहराने २०१२ मध्ये सार्वजनिक नग्नतेवर बंदी घातली, पण परवानगी घेतलेल्या अशा सोहळ्यांना त्यातून सूट आहे. ज्येष्ठांना किंवा मुलांना हे ऐन वेळी समजण्यापेक्षा घरीच सांगितलेले बरे. त्यांना ते पटणार नसेल, तर दुसरी शर्यत निवडावी.

चढणीनंतर शर्यतीचे स्वरूप बदलते. गोल्डन गेट पार्कमध्ये शिरल्यावर सावली, काचेचे पुष्पगृह, अमेरिकी गव्यांचे (बायसनचे) कुरण आणि समुद्राकडे जाणारा सौम्य उतार लाभतो, आणि ज्यांना खरोखर धावायचे आहे त्यांना अखेर मोकळा रस्ता मिळतो. वेळेचा वैयक्तिक विक्रम करू पाहणाऱ्यांनी मात्र सुरुवातीच्या गर्दीत जाणारी मिनिटे आधीच हिशेबात धरावीत.

प्रवासाची आखणी हा यातला सर्वांत किचकट भाग आहे. शर्यतीचा मार्ग शहराला आडवा छेदत असल्याने गाडी नेणे व्यर्थ आहे. बार्ट या खाडी परिसरातल्या लोकल रेल्वेच्या नेहमीच्या गाड्या रविवारी आठच्या सुमारास सुरू होतात. त्यामुळे खाडीपलीकडून येणाऱ्यांनी त्या दिवशी लवकरच्या विशेष गाड्या आहेत का, हे आधी पाहून घ्यावे. प्रेक्षकांनी हेज स्ट्रीटच्या उत्तरेला, म्हणजे बागेच्या बाजूला, उभे राहावे. तिथून मार्ग न ओलांडता फुल्टन स्ट्रीट गाठता येतो आणि ५ क्रमांकाच्या बसने थेट समुद्राकडे जाता येते, फक्त त्या दिवशीचे बदललेले मार्ग मुनी या शहर वाहतूक सेवेच्या सूचनांमध्ये तपासावेत. घामेजलेल्या धावपटूसाठी जाड जॅकेट प्रेक्षकांकडेच द्यावे, कारण शर्यत संपते त्या ओशन बीचवर मे महिन्यातही धुके आणि बोचरा वारा असतो. परतीसाठी लिंकन वेच्या दक्षिणेला एन जूडा ट्रामचे शेवटचे स्थानक आहे.