अन्ननलिकेचा कर्करोग : स्क्वॅमस आणि ॲडेनोकार्सिनोमा

घसा आणि जठर यांना जोडणाऱ्या, सुमारे 25 सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेत होणारा कर्करोग प्रामुख्याने दोन प्रकारचा असतो. नलिकेचे मूळ अस्तर असलेल्या चपट्या पेशींपासून स्क्वॅमस सेल कार्सिनोमा उद्भवतो, तो बहुधा वरच्या व मधल्या भागात आढळतो आणि जगातील बहुसंख्य रुग्णांमध्ये हाच प्रकार दिसतो. तंबाखू व मद्य ही त्याची मुख्य कारणे असून, दोन्ही व्यसने एकत्र आल्यास धोका केवळ बेरजेने नव्हे, तर कितीतरी पटींनी वाढतो.

ॲडेनोकार्सिनोमाची वाट निराळी आहे. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिल्याने खालच्या भागातील चपट्या पेशींची जागा आतड्यासारख्या स्तंभाकार पेशी घेतात. या बदलाला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात व त्यातूनच पुढे काहींना कर्करोग होतो. छातीत जळजळ होणाऱ्या बहुतेकांना तो होत नाही, हे येथे आवर्जून सांगायला हवे. लठ्ठपणा आणि धूम्रपान यांनीही हा धोका वाढतो, मद्याचा मात्र त्याच्याशी ठळक संबंध आढळलेला नाही.

लक्षणे दोन्हींत सारखीच असतात : आधी घन अन्न अडकते, मग पातळही, आणि वजन घटते. त्यामुळे एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीविना प्रकार ठरवता येत नाही. तो ठरवणे आवश्यकच असते, कारण स्क्वॅमस प्रकार केमोथेरपी व रेडिएशनच्या एकत्रित उपचारांना अधिक प्रतिसाद देतो, तर शस्त्रक्रियायोग्य ॲडेनोकार्सिनोमात शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोथेरपी देण्याकडे आता कल आहे.