हळूहळू कमी करायचं की एकदम ब्लॉक?

बॉयफ्रेंडला सोडायचं ठरलंय पण कसं, इथं तुझी गाडी अडली असेल तर वाच. मी दोन्ही करून बघितलंय, आधी पहिलं, मग दुसरं.

हळूहळू म्हणजे कॉल बंद, मेसेज चालू, भेट महिन्यातनं एकदा, 'फक्त फ्रेंड्स'. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. माझं हे आठ महिने चाललं. भांडण झालं की तो चार दिवस गायब आणि पाचव्या दिवशी साताऱ्यात पोवई नाक्यावर कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा, आणि सकाळपर्यंत त्याला शिव्या घालणारी मी संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात त्याच्या जर्किनमध्ये नाक खुपसून गाडीवर मागं बसलेली. राग गेलेला नसायचाच. खरं सांगू का, रागामुळंच ओढ वाढायची, की आता तरी सॉरी म्हणेल.

स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दाणा, पण दरवेळी नाही, कधी तिसऱ्या टोचेला तर कधी तिसाव्या. असल्या बेभरवशाच्या दाण्यावर वाढलेलं कबूतर दाणा बंद केला तरी लवकर थांबत नाही, दरवेळी मिळणारं त्यामानानं लवकर सोडून देतं. हळूहळूवाल्या पद्धतीत आपण स्वतःलाच तसला दाणा घालत असतो (आणि त्यालाही).

ब्लॉकचे पहिले दोन-तीन आठवडे बेक्कार जातात. दाणा एकदम बंद झाला की टोचणं आधी वाढतं, मग कमी होतं, हे लक्षात ठेव नाहीतर घाबरून अनब्लॉक करशील. त्यानं नवीन नंबरवरनं फोन केले, मैत्रिणीला गाठलं, शेवटी यूपीआयवर एक एक रुपया पाठवून खाली 'बोल ना', असे अकरा वेळा. सातारा केवढंसं, राजवाडा चौपाटीवर दिसणारच, तेव्हा पोटात गोळा येतो. आणि सॉरी कधीच ऐकायला मिळत नाही, हा ब्लॉकचा सगळ्यात मोठा तोटा. तरी माझं मत ब्लॉकलाच.

एकाच ऑफिसात असाल किंवा दोघांच्या नावावर कर्ज असेल तर मात्र कामापुरतं बोलणं ठेवावंच लागतं.

ब्लॉकच्या आधी 'मला संपर्क नकोय' एवढा एक स्पष्ट मेसेज टाक आणि स्क्रीनशॉट ठेव. बाईनं स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुष सारखा संपर्क करत राहिला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पण हात उचलणारा, फोटोंची धमकी देणारा असेल तर आधी त्याला काहीच सांगू नको, घरात कुणाला तरी सांग, 181 या महिला हेल्पलाइनला फोन कर, अंगावर आलं तर पोलिसांसाठी 112.

ते अकरा रुपये अजून माझ्याच खात्यात आहेत. परत पाठवावेत असं दोनदा वाटलं, पण त्याच्या फोनवर टिंग वाजलं असतं ना.