युका घरी लावून पाहिला: तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

युका घेताना आधी पानाचं टोक बघा, उंची आणि डौल नंतर. रोपवाटिकेत सगळ्यांवर नुसतं ‘युका’ लिहिलेलं असतं, पण या वंशात चाळीसच्या आसपास जाती आहेत आणि घरात ठेवायचं म्हटलं तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझ्याकडे दोन आहेत. घरातला युका जायगँटिआ, जुन्या लेबलांवर अजून ‘एलेफंटिपीस’. मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. एल साल्वादोरचं राष्ट्रीय फूल याचंच. याच्या पानाचं टोक मऊ असतं, कडेवरून उलटं बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते, बस्स. अंगणातला आहे युका ॲलोइफोलिया, आणि त्याचं पान म्हणजे सरळ दाभण. खालचं गवत उपटायला वाकलं की टोक नेमकं डोळ्यासमोर येतं. दिसायला तोच देखणा, पण ये-जा असलेल्या वाटेवर तो लावू नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

पाण्याच्या बाबतीत झाड अगदी बिनतक्रार आहे, फक्त आपला हात आवरायला हवा. ‘आठवड्यातून दोनदा’ वगैरे वेळापत्रक इथे चालत नाही. बोट मातीत खुपसायचं, वरची दोन पेरं कोरडी लागली तरच भरपूर पाणी घालायचं आणि बशीत साठलेलं ओतून द्यायचं. कुंडीत मी मातीच्या निम्म्याने जाड वाळू आणि बारीक खडी घातली आहे. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओल धरून ठेवतं, ते यासाठी नको. उन्हाळ्यात मी गावाला गेलो तेव्हा कोणी पाणी घातलं नाही, तरी हा जसाच्या तसा होता. पावसाळा मात्र कसोटीचा. तेव्हा कुंडी पागोळ्यांपासून दूर सरकवली.

खालची पानं पिवळी पडतात म्हणून घाबरून पाणी वाढवणारे बरेच जण आहेत. खालून एखाद-दुसरं पान वाळणं हा याचा स्वभावच आहे, बुंधा तयार होतो तो असाच. काळजी करायची ती बुंधा मातीजवळ अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागला, किंवा मधला कोंब ओढताच हातात आला तर. मग मूळ कुजलंय, आणि वरचा टणक भाग कापून वाचवणं एवढंच उरतं.

उजेड जितका द्याल तितका थोडा. घरातलं झाड खिडकीकडे झुकत जातं, कुंडी अधूनमधून फिरवावी लागते. पण सावलीतलं झाड थेट दुपारच्या उन्हात नेलं की पानांवर पांढुरके चट्टे पडतात आणि ते कधी जात नाहीत. सकाळच्या उन्हापासून सुरुवात करा.

सगळ्यात मजा आली छाटणीत. घरातला सरळसोट वाढत होता, म्हणून बुंधा कमरेएवढ्या उंचीवर करवतीने कापला. बरेच दिवस नुसता खुंट. मग कापाच्या जरा खाली साल फुगली, तडकली आणि हिरवी टोकं बाहेर आली. कापलेल्या शेंड्याची खालची पानं काढली, जखम सावलीत सुकू दिली आणि ओलसर वाळूत खोचला. त्यालाही मुळं धरली. बाजारात एकाच कुंडीत उंच-मध्यम-बुटकं असं त्रिकूट मिळतं ना, ते असेच कापलेले वेगवेगळे बुंधे असतात. एक कुजला म्हणून बाकीचे जातीलच असं नाही.

फुलांच्या आशेवर घेणार असाल तर थांबा. कुंडीतला क्वचितच फुलतो, माझा नाही फुलला. मायदेशी बहुतेक जातींचं परागीभवन एक खास पतंग करतो: मादी परागाचा गोळा करून दुसऱ्या फुलाला लावते आणि तिथेच अंडी घालते, अळ्या थोडं बी खाऊन वाढतात. तो पतंग नसेल तिथे फुलं आली तरी फळ सहसा धरत नाही.

कीड फारशी नाही. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसले, ओल्या फडक्याने पुसून काढले. पानं चघळायची सवय असलेलं कुत्रं किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे त्यांना उलट्या होतात.